खालून येणारे घोडे

एक पांढरा घोडा, पाच पायांचा. काढणाऱ्याने पाचवा पाय खोडायला घेतला होता, मग असू दे म्हणून ठेवला.

शिवलेली कड. टाके बारीक, बारीक, बारीक, मग एकदम लांब, मग परत बारीक.

निवृत्त बस ड्रायव्हर झोपेत डावा पाय दाबतो. गिअर बदलत असावा.

एक दार. बाहेरून ढकललं की उघडतं, आतून ढकललं की नाही.

एक शब्द, ओठांपर्यंत आलेला. ओठ मिटलेले.

दोन खुर्च्या. दुसरी पहिलीच्या जराशी मागे, डाव्या अंगाला.

×

आधी खुर्च्यांचं सांगू, म्हणजे बाकीचं आपोआप जागेवर येईल.

पुढच्या खुर्चीत सुईताई बसत आणि मागच्या खुर्चीत त्यांचे यजमान, कुजबुजे. ही नावं काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हेत. नाटक कंपनीने ठेवली, आणि इतकी चिकटली की पुढे खरी नावं फक्त बँकेत चालत. सुईताई कपडेपट सांभाळायच्या. राजाचा कोट, राणीचा झगा, शिपायांच्या टोप्या, जे उसवलं, फाटलं किंवा नटाच्या पोटामुळे पुरेनासं झालं, ते सगळं विंगेवरच्या लाकडी माळ्यावर त्यांच्याकडे जायचं. कुजबुजे त्याच विंगेत खाली स्टुलावर बसायचे. ते प्रॉम्प्टर होते.

म्हणजे आयुष्यभर नाटकात होते आणि एकाही प्रेक्षकाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मांडीवर नाटकाची प्रत, हातात रुमालाने झाकलेली बॅटरी. नटाच्या अर्धं वाक्य पुढे ते सगळं नाटकच ओठात म्हणत जायचे, आणि नट अडकला की तेवढ्यापुरता आवाज केसभर वाढवायचे. नटाला ऐकू गेलं पाहिजे, पहिल्या रांगेतल्या माणसाला नाही. चांगल्या प्रॉम्प्टरची कुणी तारीफ करत नाही, कारण तारीफ करायची तर आधी तो ऐकू यायला हवा.

प्रतीत त्यांच्या पेन्सिलच्या दोनच खुणा असत. फुली म्हणजे इथे हा नट अडकतो, वाक्य तयार ठेव. गोल म्हणजे इथे हा मुद्दाम थांबतो, तोंड उघडशील तर खबरदार. अडकलेला आणि थांबलेला माणूस बाहेरून अगदी सारखा दिसतो. फरक असतो तो श्वासात. अडकलेला श्वास आत घेऊन धरून ठेवतो. थांबलेला हळूहळू सोडत असतो. नवे प्रॉम्प्टर शिकायला आले की कुजबुजे त्यांना प्रतीकडे नाही, नटाच्या खांद्यांकडे बघायला लावत.

हे सगळं त्यांना नीट ठाऊक होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचं त्यांना जास्त लागलं.

×

नाटक संपलं, कंपनी संपली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि दोघं वृद्धांच्या निवासात राहायला आले. तळमजल्यावर एक खोली, दोन पलंग, मध्ये छोटं टेबल, एक खिडकी. तिथे दर बुधवारी जवळच्या शाळेतली मुलं येत. त्याला आठवणींचा तास म्हणत. म्हाताऱ्यांनी आपलं जुनं काहीबाही सांगायचं, मुलांनी ऐकायचं आणि विचारायचं. यामुळे म्हाताऱ्यांना बरं वाटतं असं कुणीतरी अभ्यास करून ठरवलं होतं, आणि बरं वाटतं की नाही हे बघायला भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यावर पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. तासाच्या आधी एका चेहऱ्यावर बोट ठेवायचं, तासानंतर परत ठेवायचं. शेजारच्या खोलीतले निवृत्त ड्रायव्हर दोन्ही वेळा हसऱ्यावरच ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं की मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की चौकशा होतात आणि तोवर बिस्किटं संपतात.

सुईताई दोन्ही वेळा मधल्यावर ठेवायच्या. आणि मग क्षणभर त्या चेहऱ्याकडे असं बघायच्या, जणू कुठेतरी भेट झाली होती, पण कुठे ते लक्षात येईना.

ओळख लागेना, हेच तर दुखणं होतं. अलीकडे त्यांचं बरंच काही निसटत होतं. एकदा त्या फाटकाबाहेर सापडल्या, हातात जेवणाच्या टेबलावरचं कापड. कड उसवलीय, वर न्यायचंय, म्हणाल्या. दुसऱ्यांदा फाटकाच्याही बरंच पुढे सापडल्या.

तेव्हा मॅनेजरबाईंनी कुजबुज्यांना ऑफिसात बोलावलं. बाई पूर्वीच्या नर्स, मऊ तळव्यांचे बूट घालणाऱ्या, त्यामुळे त्या आल्या हे कळायचं नाही, त्या आहेत एवढंच कळायचं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. वरच्या मजल्यावर ज्यांना विसर पडतो अशांची सोय होती. तिथलं दार आतून उघडत नसे. एकेकटे पलंग, सतत कुणीतरी लक्ष ठेवायला, आणि घरच्यांनी भेटायची वेळ फक्त संध्याकाळची. शाळेची ही सहामाही संपेपर्यंत बघू, बाई म्हणाल्या, मग डॉक्टर आणि मी ठरवू.

मीही वर गेलो तर, असं कुजबुज्यांनी विचारलं.

“वर यायला तुम्हाला काहीतरी विसरावं लागेल, कुजबुजे,” बाई बोलून गेल्या, आणि मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही.

“तालीम करतो,” कुजबुजे म्हणाले.

खोलीत परत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एक हिशेब पक्का झाला होता. सगळ्यांसमोर बोलायची वेळ आठवड्यातून एकदाच येते, बुधवारी. मॅनेजरबाई तेव्हा औषधांचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या असतात. त्या तासात जर सुईताई घडाघडा बोलल्या, तर या बाईला वर न्या असं कोण म्हणेल? असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण रंगमंचावर जे दिसतं तेच खरं धरायची सवय हाडीमाशी खिळली होती.

×

तर तालमी सुरू झाल्या. सकाळच्या चहानंतर, दार लावून. सुईताईंच्या आठवणींतल्या तीन कुजबुज्यांनी निवडल्या. राजाचा कोट उंदरांनी कुरतडला ती. लठ्ठ झालेला सेनापती मध्यंतरात झग्यातून फाटून बाहेर आला ती. आणि बटणाची.

बटणाची त्यांची लाडकी. नायकाचा प्रवेश तोंडावर आला आणि कोटाचं बटण तुटलं, कपडेपटातली पोरगी सुईदोरा घेऊन धावत खाली आली, अंगावरच्या कोटाला बटण शिवू लागली, आणि प्रॉम्प्टरने तिला बॅटरी धरली. त्या उजेडात दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहिलं. मध्ये नायक उभा होता म्हणून बरं, नाहीतर सुई मलाच लागली असती, हे वाक्य शेवटी. आजवर ही गोष्ट नेहमी कुजबुजेच सांगत आले होते. सुईताई शेजारी बसून काहीतरी शिवत असत आणि हसण्याच्या जागी हसत. आता ती त्यांच्या तोंडी घालायची होती.

बुधवारी कुजबुज्यांनी आपली खुर्ची त्यांच्या जरा मागे, डावीकडे ओढली. विंगेत स्टूल जिथे असायचं तिथे. सुईताई दोन वाक्यं बोलत, थबकत, मागून हवेची झुळूक यावी तसं वाक्य येई, त्या पुढे जात. मुलं हसली. शाळेच्या बाई हसल्या. दाराशी मॅनेजरबाईंनी मान डोलावली.

“तुमची बायको थेट तुमच्यासारखं बोलते हो,” ड्रायव्हर नंतर म्हणाले.

“इतक्या वर्षांच्या संसारात होतं तसं,” कुजबुजे म्हणाले, आणि तक्त्याकडे न बघता खोलीत गेले. सुईताईंचं बोट मधल्याच चेहऱ्यावर होतं.

×

आता मुलगी.

एकेका म्हाताऱ्याला दोन-दोन मुलं वाटून दिलेली असत, पण यांच्याकडचा मुलगा पहिल्याच दिवशी ड्रायव्हरांकडे पळाला, कारण ते तोंडाने बसचा हॉर्न काढत. राहिली ती एक मुलगी. तिचा एक मोजा कायम घोट्यापर्यंत घसरलेला असे. सुईताईंना तो मोजा सहन होत नसे. तास सुरू व्हायच्या आत त्या तिला बोलावून घेत आणि तो वर ओढत. तेव्हा आपणही तिला मोजेवाली म्हणू.

मोजेवाली बोलताना अडखळायची. काही अक्षरं, विशेष करून ‘प’, तिच्या ओठांशी येऊन उभी राहत आणि ओठ उघडत नसत. मग तिची मान जराशी पुढे येई. वर्गातली पोरं तिचा शब्द पटकन म्हणून टाकत. बाईही म्हणून टाकत. कुजबुजे तर काय, त्यांचा धंदाच तो. मोजेवालीने तोंड उघडलं की तिचा शब्द ते तिच्या हातात ठेवत, आणि तिला मदत झाली म्हणून मनात खूशही होत. मोजेवाली तो शब्द घेई आणि गप्प होई.

त्या बुधवारी तिने तिन्ही ठरलेल्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिसऱ्यांदा. तिने एक नवाच प्रश्न आणला होता.

आजी, तुम्ही लहान असताना घरी कुठला प्राणी होता?

हा प्रश्न तालमीत नव्हता. सुईताई थांबल्या. कुजबुज्यांनी मनातल्या मनात पानं उलटली, आणि त्यांच्या लक्षात आलं की पान कोरं आहे. एवढा संसार झाला, दुखणीबाणी झाली, पण तुमच्याकडे लहानपणी कुठला प्राणी होता गं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. सुईताईंच्या खांद्यांकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. मॅनेजरबाईंच्या हातातल्या ट्रेमधल्या वाट्या हलायच्या थांबल्या होत्या.

आणि कुजबुज्यांच्या जिभेने आयुष्यभर जे केलं तेच केलं. पुढचं वाक्य दिलं. फक्त ते नाटकातल्या राणीचं होतं, दुसऱ्या अंकातलं.

“माझ्या बाबांच्या पागेत पांढरे घोडे होते,” सुईताई म्हणाल्या. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. “त्यांच्या टापांनी मला जाग यायची.”

मग मुलांनी एकच गलका केला. किती घोडे, कुठले घोडे, तुम्ही बसायचात का. दुसऱ्या अंकात याची बरीच उत्तरं होती. मागून ती येत गेली. त्या दिवशी सुईताईंनी तासानंतर हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त मोजेवाली सुईताईंकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती.

×

पुढच्या आठवड्यात भिंतभर घोडे लागले. जाडे, बारके, पंखवाले, एक पाच पायांचा. आठवडाभर आमच्या वर्गाने दुसरं काही काढलंच नाही, शाळेच्या बाई कौतुकाने सांगत होत्या.

आणि इकडे खोलीत सुईताई सकाळी उठल्या उठल्या विचारायला लागल्या, घोड्यांना पाणी दाखवलं का.

कुजबुजे पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय बदलला. तिसऱ्या दिवशी सुईताई फरशी पुसायची बादली घेऊन फाटकाशी उभ्या होत्या आणि मॅनेजरबाई मऊ बुटांनी त्यांच्यामागे उभ्या होत्या. बाई काही बोलल्या नाहीत. बादली एका बाजूने त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूने सुईताईंनी, आणि दोघी आत आल्या. कुजबुज्यांना वाटलं, या गप्प राहण्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं.

दार लावून त्यांनी बायकोला समोर बसवलं. घोडे नव्हते, ते नाटकातले होते, मी तुला दिले, असं सगळं नीट सांगितलं.

सुईताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुम्हाला काय माहीत?” त्या म्हणाल्या. “तुम्ही होतात का तिथे?”

ते तिथे नव्हते हे खरंच होतं. त्यांनी एका बाईच्या लहानपणात, जिथे ते कधी गेले नव्हते, तिथे घोडे नेऊन बांधले होते. आणि आता ते सुटत नव्हते.

×

बुधवारी मुलं यायच्या वेळी ते हॉलमध्ये गेलेच नाहीत. बाहेर, चपला-बूट ठेवायच्या बाकावर बसून राहिले. मोजेवाली सगळ्यांत शेवटी आली. बुटाची नाडी सोडायला तिला वेळ लागे. ती त्यांच्या शेजारी बसली, एक नाडी सोडली, आणि दुसऱ्या नाडीशी असताना खाली बघूनच म्हणाली, की घोडे आजीचे नव्हते. तुम्ही सांगितलेत. मला ऐकू आलं.

कुजबुज्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेत कुणालातरी ऐकू गेलं होतं.

मग तुमच्या शाळेच्या बाईंना का नाही सांगितलंस, त्यांनी विचारलं. मोजेवालीने तोंड उघडलं, मान पुढे आली, ओठ मिटले. कुजबुज्यांनी सवयीने तिचा शब्द पुरा केला. घाबरलीस, ते म्हणाले.

मोजेवालीने हातातली नाडी टाकून दिली.

“मला ते नव्हतं म्हणायचं.”

“मग?”

आता ते थांबले. त्यांना दुसरा इलाज नव्हता, ती त्यांच्याकडे एकटक बघत होती. वेळ गेला. आतून ड्रायव्हरांचा हॉर्न ऐकू आला. मग ओठ उघडले.

“कुणी माझा शब्द दिला ना,” मोजेवाली म्हणाली, “की माझा जातो. मग मला त्यांचाच म्हणावा लागतो. पण मला दुसराच म्हणायचा असतो.”

“आणि दिलाच नाही तर?”

“तर येतो.”

“किती वाट बघायची?”

तिने असं बघितलं, की एवढ्या म्हाताऱ्या माणसाला हे कसं माहीत नाही. येईपर्यंत, ती म्हणाली. आणि घसरलेला मोजा तसाच ठेवून आत गेली, कारण तो वर ओढायचं काम आजीचं होतं.

कुजबुजे बाकावर बसून राहिले. नव्या पोरांना आपण काय शिकवायचो ते त्यांना आठवलं. प्रतीकडे नाही, खांद्यांकडे. गेले कित्येक बुधवार ते सुईताईंच्या मागे बसत होते. मागून खांदे दिसतात. पण त्यांनी बघितले होते ते दाराकडचे, मॅनेजरबाईंचे.

बायकोच्या प्रतीवर त्यांनी सगळीकडे फुल्या मारून ठेवल्या होत्या. एकही गोल नव्हता.

○

सहामाहीतला शेवटून दुसरा तास.

कुजबुज्यांनी आपली खुर्ची उचलली. सुईताईंच्या मागून काढली, पुढून वळवून मुलांच्या सतरंजीपाशी आणली, आणि दारालगत, मोजेवालीच्या शेजारी ठेवली.

“आज प्रेक्षकांत?” ड्रायव्हर म्हणाले. “तिकीट काढलंत का?”

“पास आहे,” कुजबुजे म्हणाले. त्यांच्या पाठीमागे दारात मॅनेजरबाई होत्या. आज सुईताई अडकल्या तर सगळ्यांसमोर अडकणार होत्या, आणि मग सहामाही संपायची वाट बघायचंही कारण उरणार नव्हतं.

मुलांना घोडेच हवे होते. मोजेवालीने हात वर केला. तिला विचारायचं होतं, की ते पांढरे घोडे आले कुठून. ‘पांढरे’शी ती उभी राहिली. दोन मुलांनी तिच्यासाठी शब्द म्हणायला तोंड उघडलं. कुजबुज्यांनी नुसता हात वर केला, नाट्यगृहात पडदा थांबवायला करतात तसा, आणि मुलं थांबली. सुईताई समोरून तिच्याकडे बघत होत्या. सुईत दोरा जाईपर्यंत माणूस बघतो तसं, घाई नाही, कंटाळा नाही. शब्द आला. प्रश्न पुरा झाला.

मग सुईताई थांबल्या.

○

(इथे काही नाही. इथे फक्त थांबायचं.)

○

ड्रायव्हर खाकरले. कुणाच्या तरी हातातली पेन्सिल घरंगळली. कुजबुज्यांच्या तोंडात दुसरा अंक पुराच्या पुरा उभा होता, आणि त्यांनी दात मिटून तो आत धरला होता. त्यांनी खांद्यांकडे बघितलं. पहिल्यांदाच समोरून बघितलं. खांदे वर चढलेले नव्हते. ते हळूहळू खाली येत होते. श्वास बाहेर चालला होता.

ती अडकली नव्हती.

“घोडे खालून यायचे,” सुईताई म्हणाल्या.

हा आवाज राणीचा नव्हता. रोज चहात साखर किती विचारणारा आवाज होता.

मी माळ्यावर शिवत बसायची, त्या सांगू लागल्या. फळ्यांच्या फटींतून खालून एका माणसाचा आवाज यायचा. सगळं नाटक तो एकटाच म्हणायचा. राजा तोच, राणी तोच, शिपाईही तोच. नाटक मी कधी पुढून बघितलंच नाही, मला ते असंच माहीत. घोडे त्यातच होते. आमच्या घरी कुठले घोडे? आमच्याकडे एक बदक होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चावायचं.

मुलं हसली. घोडे गेले म्हणून कुणी रुसलं नाही, उलट बदक कुठे चावायचं याची चौकशी झाली. ती पुरी झाल्यावर सुईताईंची बोटं मांडीवरच्या साडीच्या कडेवरून चालायला लागली.

“तो हळू बोलायला लागला की माझे टाके बारीक पडायचे,” त्या म्हणाल्या. “लढाई आली की लांब. नंतर कोट उलटा करून बघितला की मला कळायचं, ही कड तिसऱ्या अंकातली.”

कुजबुजे खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांना हे माहीत नव्हतं. आपला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून जो माणूस सगळा जन्म जपला, त्याच्या डोक्यावर कुणीतरी रोज बसून तो ऐकत होतं आणि कापडात शिवून ठेवत होतं. आणि ते आज, सतरंजीवरच्या पोरांबरोबर कळत होतं. बटणाची गोष्ट इतकी वर्षं त्यांनी सांगितली. त्या गोष्टीत ती वरून धावत खाली येते. वर ती काय करत होती, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

तो माणूस कसा होता, मोजेवालीने विचारलं.

“दिसायचा नाही. आवाजाने बरा होता. सर्दी झाली की सगळ्यांत आधी मला कळायचं.”

“आता कुठे आहे?”

सुईताईंनी मान जराशी कलती केली. कान देऊन बघितलं.

“असेल कुठेतरी. आज काही ऐकू येत नाही.”

मी इथे आहे. तीन शब्दांचं वाक्य, त्याहून सोपं वाक्य कुजबुज्यांना उभ्या जन्मात द्यावं लागलं नव्हतं. ते ओठांशी येऊन उभं राहिलं. मोजेवालीने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या ओठांकडे. तिला ती जागा ओळखीची होती. कुजबुजे सुईताईंच्या खांद्यांकडे बघत राहिले. श्वास अजून बाहेरच चालला होता.

त्यांनी वाक्य दिलं नाही.

सुईताईंची नजर मुलांच्या डोक्यांवरून फिरत फिरत दाराशी आली. तिथल्या म्हाताऱ्यावर थांबली. कपाळाला आठी पडली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तिथे दारातल्या वाऱ्यात कशाला बसलात? इकडे या.”

○

तास संपल्यावर सुईताईंनी कुठल्याच चेहऱ्यावर बोट ठेवलं नाही. मोजेवालीचा मोजा वर ओढायचा राहिला होता, त्या कामात होत्या.

मॅनेजरबाई कुजबुज्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. आज सुईताई जे बोलल्या ते त्यांचंच होतं, एवढंच म्हणाल्या. मग ट्रेकडे बघत म्हणाल्या, की बुधवारचं बोलणं बघून मी कधीच काही ठरवणार नव्हते, कुजबुजे. मी फाटकाचं बघत होते. कुजबुज्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडे परत आले, पण आता सुईताई पाणी दाखवलं का असं विचारत नव्हत्या. आज लवकर आले, एवढंच म्हणत.

सहामाही संपली आणि त्या वर गेल्या. दार तेच, आतून न उघडणारं. त्यात कुणाचा काही डाव नव्हता आणि कुणाची काही चूकही नव्हती. कुजबुज्यांनी भांडण केलं नाही. खोली कुठली द्यायची तेवढी मात्र त्यांनी मागून घेतली. मॅनेजरबाईंनी कारण विचारलं, आणि ऐकल्यावर मिळेल म्हणाल्या.

ती खोली त्यांच्या बरोबर डोक्यावर आहे.

भेटीची वेळ संपली की कुजबुजे खाली येतात, खुर्ची खिडकीशी ओढतात, खिडकी उघडतात आणि सुरू करतात. प्रत लागत नाही. पहिला अंक, दुसरा, तिसरा, एकाच आवाजात सगळे. घोड्यांचं वाक्य आलं की ते गाळत नाहीत. शेजारच्या खिडकीतून ड्रायव्हरांची तक्रार असते, की दुसरा अंक जरा मोठ्याने म्हणा, मला निम्मं कळत नाही. कुजबुजे आवाज वाढवत नाहीत. तो जिथे जायला हवा तिथे इतक्याच आवाजात जातो.

जातो की नाही हे त्यांना नक्की माहीत नव्हतं. वरची मदतनीस एकदा सहज म्हणाली, की या वेळेला आजी रोज कापड मागतात, म्हणून आम्ही जेवणाचे रुमाल देतो शिवायला. त्यातला एक कुजबुज्यांनी मागून आणला. उजेडात धरला. कडेला टाके बारीक, बारीक, बारीक, मग एकदम लांब.

आठवणींचा तास आता वरच्या मजल्यावरही होतो. मोजेवाली तिथे जाते. दार उघडायला बाहेरून ढकलते, सुईताईंच्या समोर बसते, आणि दोघीही कधी कधी बराच वेळ काही बोलत नाहीत. मदतनिसांना आधी काळजी वाटायची.

खाली असतानाच्या अगदी पहिल्या तासाच्या दिवशी सकाळी कुजबुज्यांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं आणि सुईताईंनी ते शिवलं होतं. तो शर्ट त्यांनी आता उलटा करून बघितला: टाके बारीक.